आंब्याचा ताप मोजता ना साहेब, मग दर्याचाही मोजा

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसंच मत्स्यव्यवसाय विभाग, कृषी विभाग आणि मदत व पुनर्वसन विभाग
(तिन्ही विभागांना एकत्रच लिहितोय, एकाला लिहिलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो हा आमचा जुना अनुभव.)

साहेब, नमस्कार.

सरळ मुद्द्याला हात घालतो. आमच्या सिंधुदुर्गात हापूसची बाग असलेल्या माणसाने हवामान आधारित फळपीक विमा काढलेला असला आणि महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर ठरलेल्या मर्यादेच्या वर, ठरलेले दिवस सलग पारा चढला, की त्याची भरपाई लागू होते. किती कैऱ्या गळल्या ते मोजायला कोणी बागेत येत नाही, केंद्रावरचा आकडा बोलतो. त्यातही भानगडी आहेत, पैसे वेळेवर येत नाहीत, केंद्र एकीकडे आणि बाग भलतीकडे, बागायतदार दरवर्षी ओरडतात, सगळं मान्य. पण मूळ गोष्ट सरकारने मान्य केलीये ना, की उष्णतेने पीक जातं आणि जाताना ते पंचनाम्याला दिसेलच असं नाही. त्याच बागेतून घाटी उतरून खाली गेलं की बंदर आहे, तिथला माणूस तोच उन्हाळा पाण्यात भोगतो आणि त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. होडी शाबूत, जाळं शाबूत, इंजिन चालू, मग नुकसान कसलं?

एप्रिल 2025 मध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, आम्ही बंदरावर पेढे वाटले, खोटं कशाला बोलू. कृषी दराने वीज, कर्ज, विमा असं बरंच काही त्यात आलं. पण शेतीला दर्जाबरोबर अजून एक गोष्ट आधीपासून मिळालेली आहे, ती म्हणजे वाईट वर्ष मोजायची पद्धत. पैसेवारी निघते, 50 पैशाच्या खाली गेली की तहसीलदारालाही मान्य करावं लागतं की या गावात पीक बुडालं. पाऊस किती पडला, जमिनीत ओल किती, पिकं सॅटेलाइटवरून हिरवी दिसतायत की नाही, हे सगळं बघून दुष्काळ जाहीर होतो. मच्छीमार मात्र मत्स्यदुष्काळ जाहीर करा म्हणून मोर्चे काढतो आणि त्याला दरवेळी एकच उत्तर मिळतं, की असा काही निकषच नाही. नाहीये हे बरोबरच आहे, म्हणून तर हे पत्र. निकष बनवा.

मी स्वतः दर्यावर जात नाही, एका मच्छीमार सोसायटीचा हिशेब लिहितो. डिझेल किती उचललं, त्यावरच्या कराचा परतावा किती आला आणि किती अडकला, बर्फ किती गेला, लिलावात पाटीला काय मिळालं, हे माझं काम. त्यामुळे शास्त्रज्ञासारखं बोलायचा मला अधिकार नाही, पण जे शास्त्रज्ञ बोलतायत ते तुमच्या टेबलापर्यंत पोचलेलं दिसत नाही म्हणून मला जमेल तसं सांगतो.

जमिनीवर उष्णतेची लाट येते तशी समुद्रातही येते. त्याची व्याख्यासुद्धा ठरलेली आहे. त्या ठिकाणी, वर्षाच्या त्या दिवसांत, साधारण 30 वर्षांच्या नोंदी काढायच्या, त्यातला सगळ्यात गरम दहा टक्क्यांचा पट्टा धरायचा, आणि पाण्याचं तापमान त्या पट्ट्यात सलग 5 दिवस किंवा जास्त राहिलं की ती सागरी उष्णतेची लाट. म्हणजे 'यंदा पाणी जरा गरमच वाटतंय' असला मोघम प्रकार नाही, आंब्याच्या विम्यात जसं ठरलेली मर्यादा आणि सलग दिवस असतात अगदी तसंच इथेही आहे. आणि मोजतं कोण? हैदराबादची इन्कॉइस, जी सरकारचीच संस्था आहे, जिच्याकडून आम्हाला मासे कुठे मिळतील त्याचे अंदाज आणि मोठ्या लाटांचे इशारे येतात, ती या उष्णतेच्या लाटांवरही नजर ठेवते, प्रवाळांच्या ब्लीचिंगचे, म्हणजे ते पांढरे पडण्याचे, इशारेसुद्धा काढते. पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामानाचं संशोधन करणारी संस्था आहे, तिथल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 ते 2018 या काळातल्या लाटा मोजल्या, पश्चिम हिंदी महासागरात 66 आणि बंगालच्या उपसागरात 94 निघाल्या, आणि पश्चिमेकडे त्या दर दशकाला साधारण दीडने वाढतायत. त्यांचंच पुढचं काम सांगतं की 1970 ते 2000 च्या काळात हिंदी महासागरात वर्षाला सरासरी 20 दिवस अशा लाटेचे असायचे, धूर असाच सोडत राहिलो तर शतक संपेपर्यंत ते 220 ते 250 दिवस होतील. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने. मग त्याला लाट तरी का म्हणायचं, मला कळत नाही.

आता कृषी विभागाचे साहेब म्हणतील, हे मच्छीमारांचं, आमचा काय संबंध. तर 1982 ते 2018 च्या त्या अभ्यासात असंही निघालंय की पश्चिम हिंदी महासागर आणि बंगालचा उपसागर असा तापला की मध्य भारतातला पाऊस कमी होतो आणि दक्षिण टोकाकडे वाढतो. विदर्भातल्या सोयाबीनवाल्याचाही संबंध आहे, साहेब.

पाणी तापल्यावर खाली काय होतं ते जरा सविस्तर लिहितो, कारण सगळी गोम तिथेच आहे. गरम पाणी हलकं, ते वर राहतं. खालचं थंड पाणी, ज्यात सगळं खत असतं, ते वर यायला बघतं पण वरचा गरम थर त्याला येऊ देत नाही, दोन्ही मिसळतच नाहीत. खत वर आलं नाही की उन्हात वाढणारं वनस्पती प्लवंग, म्हणजे डोळ्याला न दिसणारं समुद्राचं गवतच म्हणा, ते वाढत नाही. ते नाही तर त्यावर जगणारी तारली नाही, तारली नाही तर तिच्यामागे येणारी सुरमई नाही. पश्चिम हिंदी महासागरात गेल्या साठेक वर्षांत हे प्लवंग 20 टक्क्यांपर्यंत घटल्याचं 2016 साली छापून आलंय, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आमच्या तांडेलाला, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याला, यातलं एक अक्षर वाचायची गरज पडत नाही, तो परत येतो, रिकामे क्रेट उतरवतो आणि म्हणतो, "पाणी तापला, मासो गेलो खाली." त्याचं बरोबर असतं. बांगडा काही मरून तरंगत नाही (म्हणून तर पेपरात फोटो येत नाही), तो खोल जातो, नाहीतर दुसरीकडे जातो.

दुसरीकडे म्हणजे कुठे? तारली हा एकेकाळी मुख्यतः मलबारचा मासा, केरळ आणि दक्षिण कर्नाटकाच्या पाण्यातला. पाणी तापत गेलं तशी ती वर सरकत महाराष्ट्र-गुजरातपर्यंत आणि तिकडे पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचली असं सीएमएफआरआय या केंद्राच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे लोक सांगतात, बांगड्याचंही तसंच. कोणी म्हणेल मग तुमचा फायदाच झाला की. थोडे दिवस झाला, नाही म्हणत नाही. पण केरळात काय झालं बघा, 2012 साली तिथे जवळपास चार लाख टन तारली मिळाली होती आणि 2021 साली 3,297 टन. चार लाखांवरून तीन हजार! मधे थोडी सुधारली, परत पडली, मग 2021 पर्यंत खालीच गेली. सगळा दोष उष्णतेचा नाही, जास्त पकडलीही गेली, पण समुद्राची स्थिती अनुकूल नव्हती हे तिथल्या शास्त्रज्ञांनी लिहून ठेवलंय. जो मासा तापमान बदललं म्हणून आमच्याकडे आला तो तापमान अजून बदललं की आमच्याकडून जाणार, त्यावर कर्ज काढून नवी बोट बांधलेल्या माणसाचं काय करायचं? बँकेचा हप्ता काही वर सरकत गुजरातला जात नाही.

बरं, मासा खोल गेला म्हणतो तेव्हा तो किती खोल जाऊ शकतो हाही प्रश्न आहे. अरबी समुद्र मुळातच विचित्र आहे. साधारण शंभर-दीडशे मीटरच्या खाली ते हजार मीटरच्याही पुढे इथल्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, जगातल्या सगळ्यात जाड अशा पट्ट्यांपैकी हा एक. आणि पावसाळ्यात हे दम नसलेलं पाणी खालून किनाऱ्याकडे चढतं, वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं, हवा आत जात नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाचं पाणी पार गुदमरून जातं. गोव्यात कांदोळीच्या समोर एनआयओवाले, म्हणजे तिथल्या समुद्रविज्ञान संस्थेचे लोक, अनेक वर्षं हे मोजतायत, कधीकधी तळाला हायड्रोजन सल्फाइडसुद्धा मिळतो, तोच सडक्या अंड्याच्या वासाचा. म्हणजे माशाला वरून ताप आणि खालून गुदमर, मधे जी काही फट राहते त्यात तो गोळा होतो. आणि तो असा गोळा झाला, किनाऱ्याजवळ आला, की पर्सीनवाले, म्हणजे मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरणारे, एका खेपेत सगळं साफ करतात, त्या दिवशी बंदरावर एवढी आवक होते की भाव पडतो, व्यापारी किलोला काहीतरी फेकल्यासारखं देतो, आणि तुमच्या आकडेवारीत तो महिना 'चांगला' म्हणून जातो. वर्षाच्या टनांवरून काही कळत नाही हो. किती डिझेल जाळून किती किलो आले, हे बघायला पाहिजे.

वादळांचं मी जास्त लिहित नाही, ती तुम्हाला माहितीयेत, ती टीव्हीवर दिसतात. 2019 च्या ऐन हंगामात क्यार आणि त्याच्या पाठोपाठ महा, 3 जून 2020 ला निसर्ग, मे 2021 ला तौक्ते. आयआयटीएमच्याच हिशेबात 2001 ते 2019 मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा 52 टक्क्यांनी वाढली, आणि त्यांना लागणारं इंधन म्हणजे हेच गरम पाणी. क्यार-महाच्या वेळी मच्छीमारांना पॅकेज मिळालं, त्याबद्दल आभार, खरंच. पण म्हणजे बघा, त्याच तापलेल्या पाण्यातून वादळ उठलं तर मदत, आणि वादळ न उठता ते पाणी नुसतंच महिनाभर तापत राहिलं तर काही नाही.

मालवणबद्दल मात्र बोलायलाच हवं. 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29 चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला. तिथे प्रवाळ आहेत हे आता स्कूबामुळे पुण्या-मुंबईच्या प्रत्येक पर्यटकाला माहितीये. प्रवाळाच्या आत बारीक शेवाळ राहतं, ते त्याला अन्न देतं आणि रंगही देतं, पाणी फार तापलं की प्रवाळ त्या शेवाळाला बाहेर काढतो आणि पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवलं तर सावरतो, नाही निवलं तर मरतो. मालवणच्या प्रवाळांचं असं ब्लीचिंग एनआयओच्या शास्त्रज्ञांनी दहा वर्षांपूर्वीच नोंदवलेलं आहे. तिकडे मन्नारच्या आखातात मे 2020 च्या लाटेनंतर 85 टक्के प्रवाळ पांढरे पडले. लक्षद्वीपमध्ये अगाट्टी, कदमत, कवरत्ती इथे 1998 साली 37 टक्के जिवंत प्रवाळ होते ते 2022 ला 19 टक्क्यांवर आले, आणि त्यानंतर 2023-24 ची लाट आली ती वेगळीच, ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाणी निवायचं नावच घेत नव्हतं. एप्रिल 2024 मध्ये तर जगभरचं चौथं मोठं ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर झालं. त्या उन्हाळ्यात मालवणला काय चाललं होतं? मे महिन्याची गर्दी, बोटी नांगर टाकतायत, पर्यटक प्रवाळावर पाय देऊन फोटो काढतायत. स्कूबावाली पोरं आमचीच आहेत, त्यांच्या पोटावर पाय द्या असं मी म्हणत नाही. पण इशारा आलेल्या पंधरा-वीस दिवसांत अमुक भागात डाइव्ह नको, नांगर नको, एवढं सांगायला कोणी तरी पाहिजे की नको? इशारा हैदराबादहून निघतो आणि तो कुठल्या फायलीत जाऊन बसतो देव जाणे.

आता तुमच्या मनात काय येणार ते मला माहितीये, मी पण सरकारी ऑफिसांत चकरा मारून मारून तुमच्यासारखाच विचार करायला लागलोय. एक, निकष काढला की दरवर्षी सगळा किनारा हात पसरून उभा राहील. म्हणून तर मी पंचनामा मागत नाहीये, आकडा मागतोय. तापमान सॅटेलाइटवरून येतं, ते ना मला फिरवता येतं ना आमच्या सरपंचाला. त्याला जोडून दुसरा आकडा घ्या, डिझेलमागे किती मासळी. हा आकडा तुम्हाला आयता मिळेल कारण परताव्यासाठी प्रत्येक सोसायटी लिटर न् लिटर लिहिते, लिलावाची नोंदही असते. दोन्ही आकडे एकाच वेळी बिघडले तरच त्या तालुक्याच्या पाण्यात मत्स्यदुष्काळ, एकच बिघडला तर नाही. यात फसवाफसवी होणार नाही असं नाही, कागदावर कमी मासळी दाखवणारे निघतील, आमच्यातलेच निघतील. पण सीएमएफआरआयचे लोक बंदरांवर येऊन स्वतंत्र नोंदी घेतात, त्यांच्याशी ताडून बघा.

दुसरं तुम्ही म्हणाल, मासळी घटली ती तुमच्या हावरेपणाने, उष्णतेचं नाव कशाला पुढे करता. अर्धं खरं आहे. एलईडी लावून मासेमारीला 2017 पासून बंदी आहे आणि रात्री किनाऱ्यावरून बघा, समुद्रात जत्रा भरल्यासारखे दिवे असतात. 54 जातींच्या माशांचा किमान आकार तुम्ही 2023 साली ठरवून दिलात, बाजारात बोटभर पापलेट राजरोस विकतात, तेही त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केल्यानंतर. आता ड्रोन उडवताय ते चांगलंच करताय. माझं म्हणणं उलट आहे, लाट आलेल्या काळात हे नियम दुप्पट कडक करा. मासा आधीच अर्धमेला, एका जागी गोळा झालेला, पिल्लं त्यातच, तेव्हा मत्स्यदुष्काळ जाहीर झाला की त्या पाण्यात पर्सीन आणि ट्रॉलर तेवढे दिवस बंद, आणि बंद ठेवणाऱ्याला त्या दिवसांचा खर्च मिळेल, असं एकत्र बांधा. खर्च म्हणजे बोटमालकाला एकरकमी चेक नव्हे. खलाशी नेपाळमधून येतात, कर्नाटकातून येतात, ॲडव्हान्स घेतलेला असतो, बोट बंद पडली की मालक पहिला हात त्यांच्या पगाराला घालतो. मासे विकणाऱ्या आमच्या बायकांचं तर कुठल्याच यादीत नाव नसतं, त्या लिलावात पाटी उचलतात तेव्हाच त्यांचा दिवस सुरू होतो. रापणीवाले, गरवणारे, छोट्या पातीवाले, ज्यांना किनाऱ्यापासून लांब जाताच येत नाही, त्यांना आधी. हे पत्र वाचून आमच्या सोसायटीतले काही मोठे बोटवाले माझ्याशी बोलणं बंद करतील, करोत.

इन्शुरन्स कंपन्यांचंही बघा जमलं तर. फळपीक विम्यात जसं केंद्रावरच्या आकड्यावर पैसे निघतात तसं समुद्राच्या तापमानावर निघणारं काहीतरी, आधी एखाद्या जिल्ह्यात प्रयोग म्हणून करा, रत्नागिरी नाहीतर सिंधुदुर्ग. एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असतेच, त्यामुळे बाकीच्या दहा महिन्यांचाच प्रश्न आहे, आणि त्यातही खरा जीव ऑगस्ट ते डिसेंबर आणि मग एप्रिल-मे इथे अडकलेला.

आणि एक साधं काम, याला तर मंत्रिमंडळही लागणार नाही. इन्कॉइसचा उष्णतेच्या लाटेचा नकाशा रंगीत आणि सुंदर असतो, पण तांडेलाला त्यातून काही कळत नाही. परवाना अधिकाऱ्याने तो बघून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळी मराठीत टाकाव्यात, की अमुक तारखेपासून विजयदुर्ग ते वेंगुर्ला पाणी नेहमीपेक्षा इतकं गरम आहे, अजून इतके दिवस राहील असं दिसतंय. मग कर्ज काढून बर्फ भरायचा की दोन दिवस थांबायचं ते आमचे लोक ठरवतील, ते काही लहान नाहीत. मी एका ऑफिसात हे विचारलं तर तिथल्या साहेबांनी मलाच विचारलं की अशी काही लाट असते का.

आमच्या सोसायटीकडून एवढं करायची तयारी आहे: काही बोटींवर थर्मामीटर देऊन जाळं टाकायच्या जागी पाण्याचं तापमान, खोली, जागा आणि मिळालेले किलो लिहून ठेवायचे, तांडेल तयार आहेत, वही मी ठेवीन. फक्त ती वही महिन्याअखेरीला कुणाकडे पाठवायची, त्या अधिकाऱ्याचं पद आणि पत्ता तुमच्या विभागाने लेखी कळवावा. ऑगस्टमध्ये बोटी सुटायच्या आत कळवलंत तर याच हंगामापासून सुरुवात करता येईल.

कळावे,

सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सोसायटीचा हिशेबनीस